तंजावूरच्या राजवाड्यातील सूर : सरफोजीराजे भोसले

तंजावूरच्या राजवाड्याचे आवार मोठे आहे. नायक राजांच्या काळातील संगीतमहाल, दरबारगृह, उंच मनोरे आणि या सर्वांच्या कुशीत सरस्वती महाल ग्रंथालय. तेथील ताडपत्रे, संस्कृत पोथ्या आणि मोडी कागद पाहण्यासाठी अभ्यासक दूरदूरहून येतात. त्याच संग्रहात पाच आडव्या रेघांवर टिंबे मांडलेली युरोपीय स्वरलेखनाची कागदपत्रेही आहेत. एका मराठी राजाच्या ग्रंथसंग्रहात ही कशी आली, याचा शोध घेऊ लागले की सरफोजीराजे भोसले यांच्या चरित्राचा एक काहीसा दुर्लक्षित भाग समोर येतो. ग्रंथसंग्राहक, वैद्यकाचे जाणकार आणि मुद्रणालय काढणारे राजे म्हणून त्यांची ख्याती आहे. त्यांच्या संगीताला मात्र इतिहासग्रंथांत बहुधा एखादे वाक्य मिळते.

सरफोजींचा जन्म 24 सप्टेंबर 1777 रोजी भोसले कुळाच्या एका शाखेत झाला. तंजावूरचे तुळजाराजे निपुत्रिक होते. त्यांनी 1787 मध्ये, मृत्यूच्या थोडेच आधी, या बालकाला दत्तक घेतले आणि त्याच्या संगोपनाची जबाबदारी ख्रिस्तियन फ्रेडरिख श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्यावर सोपविली. परंतु गादी अमरसिंहांकडे गेली. दत्तक पुत्र राजवाड्यात जवळजवळ बंदिवासात पडला. त्याच्या शिक्षणाचीही आबाळ झाली. अखेर श्वार्ट्झ यांच्या खटपटीमुळे 1793 मध्ये त्याला मद्रासला हलविण्यात आले. तेथे गेरिके या दुसऱ्या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली इंग्रजी भाषा आणि पाश्चात्त्य विद्या यांचे दार त्याला उघडले. ज्या वयात राजपुत्राने घोडदौड आणि फडावरचे कामकाज शिकावे, त्या वयात हा मुलगा परक्या शहरात परक्या भाषेचे पाठ गिरवीत होता. मद्रासच्या किल्ल्यात इंग्रजांचे बँड वाजत, ते त्याच्या कानांवर पडत असणारच.

फेब्रुवारी 1798 मध्ये श्वार्ट्झ वारले आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 1799 मध्ये, कंपनीशी झालेल्या तहाने राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला. राजांकडे तंजावूरचा किल्ला, आसपासचा थोडा भाग, वार्षिक तनखा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. बाविसाव्या वर्षी हातातून राज्य गेलेल्या या पुरुषापुढे पुढची तेहेतीस वर्षे होती. अशा स्थितीत शिकारी आणि मेजवान्यांत आयुष्य उधळणारे संस्थानिक हिंदुस्थानाने पुष्कळ पाहिले. सरफोजींनी निराळी वाट धरली.

या घराण्यात संगीत नवे नव्हते. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी ही गादी स्थापिली, आणि त्यांचे पुत्र शहाजीराजे यांनी मराठीत, तेलुगूत नाटके रचली. पहिल्या तुळजाराजांनी ‘संगीतसारामृत’ हा ग्रंथ लिहिला. सरफोजींनी या वारशाला युरोपाची जोड दिली. वाड्यात पाश्चात्त्य पद्धतीचा बँड उभा राहिला. परदेशी वाद्ये आणि स्वरलेखनाची पुस्तके जमविली गेली. देशी चाली पाच रेघांच्या लिपीत उतरविण्याचे प्रयोग झाले. लढण्यासाठी फौज नव्हती, पण कूच करण्याचे संगीत वाड्यात घुमत होते. यात कोणाला केवळ इंग्रजांची नक्कल दिसेल. पाहुण्या साहेबांपुढे मान राखण्याचा हेतूही त्यात असेल. तरीही नक्कल करणारा मनुष्य आपली चाल परक्या लिपीत लिहून पाहण्याच्या खटाटोपात पडत नाही.

सरफोजींच्या दरबारातील वराहप्पय्या या मंत्र्याविषयी दक्षिणेच्या संगीतपरंपरेत एक कथा सांगितली जाते. इंग्रजी उत्तम जाणणाऱ्या या मुत्सद्द्याला राजांनी कामानिमित्त मद्रासच्या गव्हर्नरकडे पाठविले. तेथील वाद्यसंग्रह पाहून त्याचे मन व्हायोलिन आणि पियानो या दोन वाद्यांवर जडले. गव्हर्नरच्या बँडमधील वादकांकडून तो ती शिकला, आणि प्रसन्न झालेल्या गव्हर्नरने त्याला दोन्ही वाद्ये भेट दिली.

पुढे या दोन वाद्यांचे नशीब वेगवेगळे ठरले. पियानोचा प्रत्येक स्वर तारेवर आधीच बांधलेला असतो. पट्टी दाबली की तो उमटतो. नंतर त्याला हलविता येत नाही. दाक्षिणात्य राग तर गमकावर जगतो. तेथे स्वर शेजारच्या स्वराला शिवून, झोके घेत येतो. व्हायोलिनला पडदे नसल्यामुळे बोट तारेवर हवे तसे सरकते आणि गळ्यातील प्रत्येक वळण साधता येते. वादकाने मांडी घातली, वाद्याचे टोक पायाच्या घोट्यावर टेकविले, आणि परका व्हायोलिन कर्नाटक संगीताचा घरचा झाला. मुत्तुस्वामी दीक्षितांचे बंधू बालुस्वामी यांनीही मद्रास परिसरात युरोपीय वादकाकडून हे वाद्य आत्मसात केले होते. स्वतः दीक्षितांनी इंग्रजी बँडच्या चालींवर संस्कृत रचना बांधल्या. त्यांत इंग्लंडच्या राजस्तवनाची चालही आहे. पियानो मात्र दिवाणखान्यातच राहिला.

याच दीक्षितांचे शिष्य चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु हे चार भाऊ सरफोजींच्या आश्रयाला होते. ‘तंजावूर चतुष्टय’ या नावाने ते विख्यात आहेत. अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा भरतनाट्यमचा जो क्रम आज रूढ आहे, त्याला निश्चित रूप देण्याचे श्रेय या भावांना दिले जाते. आपल्यापैकी अनेकांच्या मुली हा नाच शिकतात. रंगप्रवेशाच्या दिवशी त्या ज्या क्रमाने नाचतात, त्याची घडण या राजवाड्याच्या परिसरात झाली, हे किती पालकांना ठाऊक असेल? पुढे वडिवेलु त्रावणकोरला स्वाती तिरुनाळ महाराजांकडे गेला. महाराजांनी त्याला हस्तिदंती व्हायोलिन दिल्याची आठवण तेथे अजून सांगतात.

राजांची स्वतःच्या नावावरची रचना मात्र मराठीत आहे, आणि माझ्या मते त्यांच्या सर्व उद्योगांत तीच अधिक मोलाची आहे. ‘कोरव्याचे साहित्याचे जिन्नस’ या काहीशा गमतीदार नावाखाली त्यांच्या नृत्यरचना जपल्या गेल्या. कोरवे म्हणजे ओवलेली माळ. एकेक कथाविषय घेऊन जयजय, शरणु, अलारु, शब्द, वर्ण, पद, स्वरजती, तिल्लाना अशा पायऱ्या चढत मंगलापर्यंत जाणारी ही निरूपणे आहेत. सुटी सुटी गाणी एकामागून एक नाचावयाची, त्याऐवजी आरंभापासून अखेरपर्यंत एकच कथा चालावी, ही त्यामागील कल्पना. रंगमंचाची जाण असल्यावाचून ती सुचणारी नव्हे. भोवती तमिळ प्रजा, दरबारात तेलुगू पदांचा मान, पत्रव्यवहार इंग्रजांशी. अशा ठिकाणी राजाने नर्तकीच्या ओठी मराठी शब्द दिले.

‘देवेंद्र कुरवंजी’ हे त्यांचे दुसरे मराठी काम तर शाळेच्या अंकात सांगावे असेच. कुरवंजी हा तमिळ लोकनाट्याचा प्रकार. त्यात डोंगरातील कुरत्ती भविष्य सांगावयास येते आणि आपण पाहिलेल्या प्रदेशांचे वर्णन करते. सरफोजींनी या भविष्यवालीच्या तोंडी साऱ्या पृथ्वीचा भूगोल घातला. देशांची आणि खंडांची नावे ती मराठी गाण्यांतून सांगते. पाठ्यपुस्तकातील रुक्ष धडा गळ्यावर चढावा, ही युक्ती दोनशे वर्षांपूर्वीची आहे! ‘नवविद्याकलानिधी’ ही पाठशाळा चालविणाऱ्या आणि इसापनीतीचे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी रूप 1806 मध्ये तंजावुरात छापविणाऱ्या राजाला ती सुचावी, यात नवल नाही.

1820 च्या सुमारास मोठ्या लवाजम्यानिशी त्यांनी काशीयात्रा केली. 1826 मध्ये बिशप हेबर तंजावुरास आले, तेव्हा युरोपीय शास्त्रज्ञांच्या ग्रंथांची आणि शेक्सपिअरची जाण असलेला हा राजा पाहून ते चकित झाले. 7 मार्च 1832 रोजी सरफोजीराजे निवर्तले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे यांनी गुणीजनांचा आश्रय चालू ठेवला, परंतु 1855 मध्ये त्यांचा औरस पुत्राविना अंत झाला आणि कंपनीने गादी खालसा केली. तनखा थांबला, तसे कलावंत नव्या आश्रयाच्या शोधात निघाले. कित्येकांनी मद्रास गाठले. तेलुगू आणि तमिळ रचना त्यांच्यासोबत गेल्या, कारण त्या ऐकणारे सर्वत्र होते. मराठी निरूपणे नाचविणारा कोणी उरला नाही. ती कागदावर राहिली.

ग्रंथालय 1918 मध्ये लोकांसाठी खुले झाले आणि कालांतराने या रचना छापून निघाल्या. त्या छापील शब्दांना पुन्हा पायांत आणि हातांत आणण्याचे काम मुंबईचे आचार्य पार्वतीकुमार यांनी केले. वर्षानुवर्षे खपून त्यांनी सरफोजींची निरूपणे नृत्यात बसविली, ‘तंजावूर नृत्यप्रबंध’ म्हणून ती सिद्ध केली, आणि त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी ती रंगमंचावर सादर केली. राजवाड्यात रचलेले मराठी शब्द शंभराहून अधिक वर्षांनी घुंगरांच्या साथीने पुन्हा ऐकू आले, ते महाराष्ट्रातील प्रेक्षकांना. त्यांतील बहुतेकांनी या राजाच्या रचनेचे नावही तोवर ऐकलेले नव्हते.