नीरेपासून ग्राहकहितापर्यंत : डॉ. कमला सोहोनी

खास प्रतिनिधी, ठाणे

ठाणे, डोंबिवली किंवा कल्याणच्या दुकानातून घेतलेल्या सरबताच्या बाटलीवर बारीक अक्षरांत 'परिरक्षक २०२' असे छापलेले आढळते. हे पोटॅशियम सॉर्बेट, म्हणजे सॉर्बिक आम्लाचा क्षार. आंबट पदार्थात हे आम्ल यीस्ट व बुरशीच्या पेशींत शिरते आणि त्यांची वाढ रोखते. पण टिकवलेल्या अन्नात पोषण किती उरते, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा. नीरेच्या बाबतीत त्याचा शोध घेतला तो डॉ. कमला सोहोनी यांनी.

१९११ मध्ये इंदूर येथे भागवत कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. विदुषी दुर्गा भागवत या थोरल्या भगिनी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमलाबाईंनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. स्त्री असल्याच्या कारणावरून संचालक सर सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. अखेर वर्षभराच्या अटीवर प्रवेश मिळाला आणि दूध व कडधान्यांतील प्रथिनांवरील त्यांच्या कामाने रामन यांचेही मत बदलले. पुढे केंब्रिजमध्ये वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम-सी या द्रव्यावर संशोधन करून १९३९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली.

दिल्ली व कुन्नूर येथे काम केल्यानंतर, १९४७ मध्ये विवाह होऊन त्या मुंबईत आल्या. विज्ञान संस्थेच्या जीवरसायनशास्त्र विभागात त्यांनी विद्यार्थ्यांसह गरिबांच्या आहारातील पदार्थांचा अभ्यास आरंभला. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून हाती घेतलेले नीरेवरील संशोधन त्यांतील सर्वांत गाजलेले.

वसई-डहाणूच्या, म्हणजे २०१४ पूर्वीच्या ठाणे जिल्ह्याच्या किनारपट्टीला नीरा नवी नाही. पहाटे गोड असलेला हा रस ऊन चढू लागताच यीस्टमुळे आंबतो आणि त्याची ताडी होते. मडक्याला चुना लावून किंवा रस थंड ठेवून हे काही काळ लांबवता येते. रस आटवून काकवी वा गूळ केल्यास साखर इतकी दाट होते की यीस्टला वाढता येत नाही. नीरेतील जीवनसत्त्वे व लोह या आटवण्यातूनही टिकतात, असे कमलाबाईंनी दाखवून दिले. कुपोषित आदिवासी मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारल्याचेही आढळले. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी दुधाच्या दर्जाबाबत मार्गदर्शन केले. संस्थेचे संचालकपद मात्र त्यांच्याकडे उशिराच आले.

प्रयोगशाळेतील ज्ञान त्यांनी ग्राहकांपर्यंतही नेले. १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया' या संस्थेचे काम त्यांनी केले, १९८२-८३ मध्ये अध्यक्षपद भूषवले आणि संस्थेच्या 'कीमत' या नियतकालिकातून ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेखन केले. १९९८ मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आयोजित केलेल्या सत्कार समारंभात त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.

सॉर्बिक आम्लाचे शरीरात इतर मेदाम्लांप्रमाणेच विघटन होते आणि ठरावीक मर्यादेत त्याचा वापर सुरक्षित मानला जातो. परंतु ती मर्यादा पाळली जाते का, आणि टिकवलेल्या अन्नात खरे पोषण किती, हे विचारण्याचा अधिकार ग्राहकाचाच. बाटलीवरील त्या बारीक अक्षरांकडे नजर टाकण्याची सवय लागली, तरी कमलाबाईंचे कार्य पुढे नेल्यासारखे होईल.