हाईम सॅम्युएल केहिमकर आणि बेने इस्राएलांच्या उत्पत्तीचा प्रश्न

कोकणातील बेने इस्राएल समाजाचा पहिला विस्तृत इतिहास सिद्ध करणारे हाईम सॅम्युएल केहिमकर यांचे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात सहसा आढळत नाही. त्यांचा मुख्य ग्रंथ इंग्रजीत आहे आणि तो त्यांच्या हयातीत छापला गेला नाही, ही त्याची उघड कारणे होत. तथापि ज्या समाजाचा इतिहास त्यांनी लिहिला तो मराठी बोलणारा आणि मराठीत कीर्तने रचणारा समाज होता. आपला सिद्धान्त उभारताना केहिमकरांनी जी साधने वापरली त्यांतील मोलाचा भाग तर मराठी बोलीच्या पोटातून आलेला आहे. या दृष्टीने त्यांचे चरित्र मराठीच्या अभ्यासकाला परके वाटण्याचे कारण नाही.

केहिमकरांचा जन्म 1830 सालचा. त्यांचे आडनाव अलिबागच्या उत्तरेस समुद्रकाठी वसलेल्या किहीम गावावरून आलेले आहे. दिवेकर, पेणकर, झिराडकर, राजपूरकर, अष्टमकर अशी गावांवरून पडलेली शंभरांहून अधिक आडनावे या समाजात आहेत. तेल गाळणे हा त्यांचा परंपरागत धंदा. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ही कुटुंबे मुंबईस येऊ लागली व त्यांतील पुष्कळ पुरुष कंपनीच्या पलटणींत दाखल झाले. अशाच एका अधिकाऱ्याने, सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी, 1796 साली मुंबईत समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले.

केहिमकरांची पिढी पलटणीपेक्षा शाळेकडे व कचेरीकडे वळलेली होती. या पिढीला धर्मभाषेची ओळख झाली ती काही अंशी ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या द्वारे, ही इतिहासातील एक गमतीची गोष्ट आहे. डॉ. जॉन विल्सन यांनी 1832 साली बेने इस्राएलांसाठी हिब्रूचे व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले. पुढे 1850 नंतरच्या काळात त्यांनी या समाजाच्या शिक्षणार्थ आवाहन करणारी पुस्तिकाही काढली. केहिमकरांनी 1892 साली मुंबईत छापलेल्या आपल्या छोट्या पुस्तकाला समाजाच्या इतिहासाची रूपरेषा व शिक्षणाविषयी आवाहन असे जोडनाव दिले, त्यात विल्सनच्या शीर्षकाचा पडसाद स्पष्ट आहे. फरक एवढाच की, विल्सनच्या आवाहनामागे धर्मांतराची आशा होती, तर केहिमकरांना आपला समाज यहुदी म्हणून टिकवावयाचा होता.

केहिमकरांच्या इतिहासलेखनाचे मूळ या शिक्षणकार्यात आहे. 1853 साली, वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांनी आपले बंधू व इतर तरुण यांच्यासह समाजहितासाठी एक मंडळ स्थापन केले. 1875 साली मुंबईत इस्राएलाइट स्कूल सुरू झाले. या शाळेने हिब्रूच्या शिक्षणाची सोय केली. पुढे तिला सर एली कदूरी यांचे नाव मिळाले. शाळा चालविण्यास पैसा हवा होता आणि तो समाजाजवळ पुरेसा नव्हता. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनसारख्या संस्थांकडे हात पसरावा लागे. अशा वेळी दात्यांपुढे पहिला प्रश्न उभा राही तो हा, की कोकणातले हे तेली खरोखर यहुदी आहेत काय?

हा प्रश्न परदेशी दात्यांपुरता नव्हता. मुंबईत बगदादहून आलेल्या श्रीमंत यहुद्यांची वसाहत वाढत होती. 1836 साली त्यांच्याकडून सरकारकडे असा अर्ज गेला की, सामाईक दफनभूमीत दोन्ही गटांच्या कबरींमध्ये भिंत घालण्यात यावी. केहिमकर त्या वेळी सहा वर्षांचे होते. आपल्या लोकांच्या रक्तशुद्धीविषयी शंका घेतली जाते, या जाणिवेतच ते वाढले. त्यांच्या ग्रंथातील प्रत्येक सिद्धान्त वाचताना ही भिंत डोळ्यांपुढे ठेवावी लागते.

तो ग्रंथ 1897 साली लिहून पूर्ण झाला. त्यातील मुख्य प्रतिपादन असे की, बेने इस्राएलांचे पूर्वज अँटिओकस एपिफेनीस या राजाच्या छळाला कंटाळून इ.स.पू. 175 च्या सुमारास उत्तर पॅलेस्टाइनमधून निघाले. चौल बंदराच्या अलीकडे नवगावजवळ त्यांचे गलबत फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. मृतांना नवगावच्या किनाऱ्यावर पुरण्यात आले, आणि धर्मग्रंथ समुद्रात गेल्यामुळे वाचलेल्यांच्या वंशजांजवळ सब्बाथ, सुंता, आहाराचे काही नियम व शमाची प्रार्थना एवढेच उरले. गलबत फुटल्याची कथा समाजात पूर्वीपासून होती. तिला निश्चित काळाची चौकट देण्याचे श्रेय, किंवा धाडस, केहिमकरांचे.

या कालनिर्णयाचा आधार कोणता? हनुक्का हा सण इ.स.पू. 164 मधील मंदिरशुद्धीच्या स्मरणार्थ आहे आणि बेने इस्राएलांना तो ठाऊक नव्हता. अर्थात ते त्यापूर्वीच निघाले असले पाहिजेत. दुसरे, ते स्वतःला यहुदी न म्हणता इस्राएलाची संतती म्हणवीत. तिसरा आधार मलिद्याचा: नवसाच्या वेळी पोहे, गूळ, खोबरे व फळे मांडून एलियाहू हन्नाबीचे स्मरण करण्याचा जो विधी, त्यात केहिमकरांना यरुशलेमच्या मंदिरातील अन्नार्पणाचा अवशेष दिसला.

यांतील एकही आधार तर्काच्या कसोटीवर फारसा टिकत नाही. ज्या समाजाचे ग्रंथच नष्ट झाले असे मानावयाचे, त्याला एखादा सण आठवत नाही यावरून तो सण निर्माण होण्यापूर्वीच समाज निघाला असे अनुमान काढता येत नाही. विस्मरणाला तारीख नसते. मलिदा हा शब्द आणि ते तबक कोकणातील मुसलमान व हिंदू शेजाऱ्यांच्या घरीही ओळखीचे आहे. सात जोड्यांची कथा चित्पावनांच्या उत्पत्तिकथेतील समुद्रकिनारी आलेल्या चौदा प्रेतांशी इतकी जुळते की, दोन्ही कथा एकाच किनाऱ्याच्या लोकपरंपरेतून आल्या असाव्यात असे अभ्यासकांना वाटते. नवगावची टेकाडे आहेत, पण त्यांवर लेख नाही. या नावाने समाजाचा स्पष्ट लेखी उल्लेख सापडतो तो थेट 1738 सालचा, सार्टोरियस नावाच्या मिशनऱ्याच्या पत्रातला. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने समाजात मध्यपूर्वेतील यहुदी व भारतीय अशा दोन्ही वंशांचा ठळक अंश दाखविला. तथापि त्या मिश्रणाचा काळ सुमारे साडेसहाशे ते एक हजार वर्षांपूर्वीचा ठरविला. म्हणजे नात्यासंबंधीचा केहिमकरांचा दावा सर्वस्वी निराधार नव्हता, पण त्यांच्या दोन हजार वर्षांना त्यातून दुजोरा मिळत नाही.

असे असूनही ग्रंथ बाजूला ठेवता येत नाही, कारण सिद्धान्ताच्या ओढीने केहिमकरांनी जे टिपून ठेवले ते अन्यत्र मिळणे कठीण आहे. सणांची नावेच पाहावीत. हिब्रू पंचांगातील वर्षारंभाला समाजात नव्याचा सण म्हणत. नवीन धान्याची खीर करून खिरीचा सण होई. प्रायश्चित्ताच्या दिवशी घराची दारे लावून घेत म्हणून तो दारफळणीचा सण, व दुसऱ्या दिवशीचा शिळा सण. पुरीमला होळीचा सण हे नाव होते. वल्हांडणाच्या वेळी आंबट रसाचे भांडे झाकून ठेवीत, तो अनाशी ढाकाचा सण. मंदिराच्या नाशाचा शोक बिरड्याच्या रोजाने, म्हणजे वालाच्या बिरड्याच्या जेवणाने पाळला जाई. सण आणि रोजा या दोन शब्दांच्या भेदावरून केहिमकरांनी आचारांचे दोन थर कल्पिले: मराठी नावांचे जुने, आणि दाविद राहाबी या परंपरेतील धर्मशिक्षकाच्या आगमनानंतरचे, मुसलमानी वळणाच्या नावांचे. राहाबीचा काळ वादग्रस्त आहे आणि तो अठराव्या शतकात कोचीनहून आला असे मानणारेही आहेत. तथापि शब्दांच्या वळणावरून समाजाच्या इतिहासाचे थर वाचण्याची ही पद्धत त्या काळी एका स्वयंशिक्षित गृहस्थाला सुचावी, हे विशेष होय. त्यांचा पुरावा ज्या निष्कर्षासाठी जमविला होता त्याहून तो अधिक सबळपणे दुसरीच गोष्ट दाखवितो: हा समाज मराठी घराच्या स्वयंपाकघरातून आपला धर्म आठवत राहिला.

केहिमकर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निवर्तले, तेव्हा हस्तलिखित घरातच होते. 1936 साली हिंदुस्थानात आलेल्या इमॅन्युएल ओल्सव्हँगर यांनी ते संपादित केले आणि 1937 साली तेल अवीव येथे ते छापून निघाले. मुंबईत लिहिलेला, कोकणाविषयीचा हा ग्रंथ असा समुद्रापार प्रकाशित झाला.

1948 नंतर समाजातील बहुसंख्य लोक हळूहळू इस्राएलला गेले. तेथे 1962 साली मुख्य धर्माधिकाऱ्यांच्या कार्यालयाने बेने इस्राएलांच्या विवाहासाठी त्यांच्या वंशाची चौकशी करावी असे आदेश काढले. दफनभूमीतील भिंतीचा प्रश्न सव्वाशे वर्षांनी विवाहमंडपात येऊन उभा राहिला. निदर्शने झाली, आणि 1964 साली तेथील संसदेच्या हस्तक्षेपानंतर ते आदेश बदलावे लागले. त्याच देशात या समाजाने पुढे मायबोली नावाचे मराठी नियतकालिक चालविले.