घरोघरच्या भिंतींवरचे रविवर्मा

खालापुरातून बोरघाट चढून गेले की लोणावळ्यापलीकडे मळवली लागते. आपल्या आजोबांच्या ओटीवरील लक्ष्मी-सरस्वतीच्या कित्येक तसबिरी तेथेच छापल्या गेल्या, याचे स्मरण आज फारसे कोणास नाही.

राजा रविवर्मा यांचा जन्म 1848 साली त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. त्यांची तैलचित्रे संस्थानिकांच्या दिवाणखान्यांत शोभू लागली. परंतु चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात, ही सर टी. माधवराव यांची सूचना त्यांना पटली. 1894 साली त्यांनी मुंबईत शिळाछापखाना काढला. जर्मन तंत्रज्ञ आणले. पुढे 1899 साली तो मळवलीस हलविला. कर्ज मात्र वाढतच गेले आणि अखेरीस छापखाना जर्मन तंत्रज्ञ श्लायशर यांना विकावा लागला. 1906 साली रविवर्मा निवर्तले.

व्यवहारात ते हरले. परंतु ज्यांना देवळाची पायरी चढण्याची मुभा नव्हती, त्यांच्याही भिंतीवर देव आला. आज एखादा कारकून फ्रेंच चित्रकार कोरो याच्या निसर्गचित्राची प्रत हौसेने घरात लावतो. चित्र ही केवळ श्रीमंतांची मिरास नव्हे, हे आपल्याकडे रविवर्मांनीच पदरमोड करून रुजविले. तसबीर टांगताना त्या ऋणाची जाणीव असावी.