क्रिस्टोफर स्ट्रेची

क्रिस्टोफर स्ट्रेची (जन्म : १६ नोव्हेंबर, इ.स. १९१६, मृत्यू : १८ मे, इ.स. १९७५) हे ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ होते. हातातले काम अडून राहिले असता संगणकाने रिकामे न बसता दुसरे काम चालवावे, या विचाराची पद्धतशीर मांडणी करणाऱ्या आरंभीच्या शास्त्रज्ञांत त्यांची गणना होते.

सुरुवातीचे जीवन

स्ट्रेची यांचा जन्म लंडनमधील हॅम्पस्टेड येथे झाला. वडील ऑलिव्हर हे गुप्तलिपितज्ज्ञ, तर आई रे या स्त्री-मताधिकार चळवळीतील कार्यकर्त्या व लेखिका होत्या. चरित्रकार लिटन स्ट्रेची हे त्यांचे काका होत. इ.स. १९३५ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या किंग्ज महाविद्यालयात प्रवेश घेतला. परंतु मानसिक आजारामुळे शिक्षणात खंड पडला आणि पदवी सामान्य श्रेणीतच मिळाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी एका दूरसंचार कंपनीत भौतिकशास्त्रज्ञ म्हणून काम केले. इ.स. १९४५ पासून ते कॅंटरबरी येथील सेंट एडमंड्स शाळेत व इ.स. १९४९ पासून हॅरो येथे शिक्षक होते.

शिक्षक ते संगणकतज्ज्ञ

इ.स. १९५१ च्या जानेवारीत त्यांनी राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील 'पायलट एस' हा संगणक पाहिला. त्यानंतर शाळेच्या कामातून उरलेल्या वेळात त्यांनी ड्राफ्ट्स या पटावरील खेळाची आज्ञावली लिहिली. मात्र त्या यंत्राची स्मृती तिला अपुरी पडली. पुढे ते मॅंचेस्टरच्या संगणकाकडे वळले. ॲलन ट्यूरिंग यांच्याकडून यंत्राची माहिती घेऊन त्यांनी सुमारे एक हजार आज्ञांची आज्ञावली रचली आणि एका रात्रीत ती यंत्रावर चालवून दाखविली. तिच्या शेवटी यंत्राने ब्रिटनच्या राष्ट्रगीताची धून वाजविली. या यशानंतर इ.स. १९५२ मध्ये त्यांनी शिक्षकी सोडली व राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळात रुजू झाले. 'पेगासस' संगणकाच्या रचनेत त्यांचा महत्त्वाचा वाटा होता.

कालविभागणीची संकल्पना

त्या काळी संगणकाचा वेळ अतिशय महाग होता. असे असूनही कार्डवाचक व मुद्रक यांच्या मंद गतीमुळे मुख्य यंत्र वारंवार खोळंबून राही. आज्ञावलीतील चूक शोधणारा मनुष्य यंत्रापुढे विचार करीत बसला, तर तेवढा वेळही वाया जाई. इ.स. १९५९ च्या जूनमध्ये युनेस्कोच्या पॅरिस येथील परिषदेत स्ट्रेची यांनी यावर निबंध सादर केला. अनेक आज्ञावल्या एकाच वेळी स्मृतीत ठेवाव्यात, एक थांबताच 'डायरेक्टर' या नियंत्रक आज्ञावलीने दुसरी सुरू करावी आणि निकडीच्या कामास अग्रक्रम द्यावा, अशी ही योजना होती. त्यामुळे एक जण चूक शोधत असतानाही इतरांची कामे चालू राहणार होती.

पुढे 'टाइम शेअरिंग' ही संज्ञा अनेक जणांनी आपापल्या टर्मिनलवरून एकाच संगणकाचा वापर करणे या अर्थाने रूढ झाली. आपल्या निबंधात तो अर्थ अभिप्रेत नव्हता, असे स्ट्रेची यांनी नंतर स्वतःच स्पष्ट केले.

उत्तरायुष्य आणि वारसा

इ.स. १९६२ पासून केंब्रिज येथे ते 'सीपीएल' या आज्ञावली-भाषेच्या रचनेत सहभागी झाले. ही भाषा फारशी वापरात आली नाही. परंतु तिच्यापासून 'बीसीपीएल', पुढे 'बी' आणि अखेरीस 'सी' अशी परंपरा निर्माण झाली. नंतर ऑक्सफर्ड येथे त्यांनी प्रोग्रामिंग संशोधन गट स्थापन केला आणि डेना स्कॉट यांच्यासमवेत आज्ञावली-भाषांच्या अर्थविचाराचा गणिती पाया घातला. इ.स. १९७१ मध्ये ते प्राध्यापक झाले. यकृताच्या आजाराने वयाच्या ५८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

'सी' भाषेत घडलेल्या युनिक्सच्या परंपरेतील प्रणालींत 'बॅच' या आज्ञेने सोपविलेले काम यंत्रावरील भार ठरावीक मर्यादेखाली उतरेपर्यंत थांबते व मग आपोआप सुरू होते. 'नाइस' या आज्ञेने कामाचा अग्रक्रम कमी करता येतो. या सोयी स्ट्रेची यांनी निर्माण केलेल्या नव्हेत. तथापि यंत्राचा रिकामा वेळ वाया जाऊ नये, हा त्यांमागील विचार त्यांच्या इ.स. १९५९ च्या निबंधात स्पष्टपणे आढळतो.