मिन च्युए चांग

मिन च्युए चांग (१० ऑक्टोबर, १९०८ – ५ जून, १९९१) हे चीनमध्ये जन्मलेले अमेरिकन प्रजननशास्त्रज्ञ होते. सस्तन प्राण्यांच्या अंडपेशींचे शरीराबाहेर फलन घडवून त्यापासून जिवंत पिल्ले जन्मास येऊ शकतात, हे त्यांनी १९५९ मध्ये सशांवरील प्रयोगांतून निर्विवादपणे सिद्ध केले. तोंडाने घ्यावयाच्या गर्भनिरोधक गोळीच्या विकासातही त्यांचा महत्त्वाचा वाटा होता.

सुरुवातीचे जीवन

चांग यांचा जन्म शान्सी प्रांतात, तैयुआन शहराच्या वायव्येकडील एका खेड्यात झाला. १९३३ मध्ये त्यांनी त्सिंगह्वा विद्यापीठातून प्राणिमानसशास्त्राची पदवी घेतली. १९३८ मध्ये परदेशी शिक्षणासाठीच्या स्पर्धा परीक्षेत निवड होऊन ते एडिंबरोला गेले व तेथून केंब्रिजला आले. तेथे आर्थर वॉल्टन यांच्याकडे मेंढ्यांच्या शुक्रपेशींवर काम करून १९४१ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. महायुद्धामुळे मायदेशी परतणे लांबले.

१९४५ मध्ये ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात श्रूजबरी येथील वुस्टर प्रायोगिक जीवशास्त्र प्रतिष्ठानात दाखल झाले. ग्रेगरी पिंकस यांच्याकडून शरीराबाहेरील फलनाचे तंत्र शिकून चीनला परत जावे, असा त्यांचा विचार होता. प्रतिष्ठान नुकतेच स्थापन झाले होते आणि पैशांची चणचण होती. सुरुवातीच्या काळात चांग प्रयोगशाळेतच झोपत आणि रात्रीच्या पहारेकऱ्याचे कामही करीत. परत जाण्याचा बेत पुढे मागे पडला. १९४८ मध्ये त्यांनी इझाबेल चिन यांच्याशी विवाह केला व ते अमेरिकेतच स्थायिक झाले.

शुक्रपेशींची सक्षमता

जे तंत्र शिकण्यासाठी चांग आले होते, ते प्रत्यक्षात हाती लागेना. सशाच्या अंडपेशींचे शरीराबाहेर फलन केल्याचे पिंकस यांनी १९३४ मध्ये जाहीर केले होते. त्यावरून बराच गदारोळ झाला आणि हार्वर्ड विद्यापीठात त्यांना कायमची नेमणूक मिळाली नाही. चांग यांनी वारंवार प्रयत्न करूनही काचपात्रात ठेवलेल्या ताज्या शुक्रपेशी अंडपेशीत शिरत नव्हत्या. पिंकस यांनी आपल्या अंडपेशी लगेच मादीच्या अंडनलिकेत सोडल्या होत्या. त्यामुळे खरे फलन तेथे, सोबत गेलेल्या शुक्रपेशींमुळे झाले असण्याची शक्यता होती. आपल्याला आश्रय देणाऱ्या वरिष्ठाच्याच दाव्याला यातून धक्का बसत होता. तरीही चांग यांनी प्रश्न सोडला नाही.

त्यांनी सशांच्या अंडनलिकेत वेगवेगळ्या वेळी शुक्रपेशी सोडून पाहिल्या. अंडमोचनाच्या काही तास आधी सोडलेल्या शुक्रपेशींनी फलन झाले, मात्र नंतर सोडलेल्यांनी ते जवळजवळ झालेच नाही. मादीच्या जननमार्गात काही तास राहिल्यावरच शुक्रपेशीला फलनाची क्षमता येते, असा निष्कर्ष त्यांनी १९५१ मध्ये मांडला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात सी. आर. ऑस्टिन हेही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाप्रत आले. या प्रक्रियेस 'कपॅसिटेशन' हे नाव ऑस्टिन यांनी दिले. सक्षम झालेल्या शुक्रपेशी वीर्यद्रवात पुन्हा ठेवल्यास ही क्षमता नाहीशी होते, हे चांग यांनी १९५७ मध्ये दाखवले.

१९५९ चा प्रयोग यावरच उभा होता. मादीच्या गर्भाशयातून काढलेल्या, म्हणजे सक्षम झालेल्या शुक्रपेशी व अंडपेशी त्यांनी एका लहान काचपात्रात क्षारद्रावणात चार तास एकत्र ठेवल्या आणि नंतर अंडपेशी सशाचा रक्तरस मिसळलेल्या माध्यमात हलवल्या. फलित झालेल्या ३६ अंडपेशी सहा माद्यांमध्ये सोडण्यात आल्या. त्यांपैकी चार माद्यांना १५ पिल्ले झाली. सशाची अंडपेशी शुक्रपेशीविनाही विभागू लागते. त्यामुळे केवळ विभाजन हा फलनाचा पुरावा मानला जात नव्हता. पिल्लांच्या जन्माने हा आक्षेप संपला.

उंदराच्या अंडपेशी व संवर्धन माध्यमे

यानंतर प्रश्न उरला तो मादीच्या शरीराची मदत न घेता शुक्रपेशी सक्षम करण्याचा. यासाठी संवर्धन माध्यमाची रचना निर्णायक ठरणार होती. १९६३ मध्ये र्‍यूझो यानागिमाची व चांग यांनी हॅमस्टरच्या अधिवृषणातून थेट घेतलेल्या शुक्रपेशींनी काचपात्रात फलन घडवले.

उंदरांच्या भ्रूणांसाठी माध्यमे आधीच तयार होत होती. वेस्ली व्हिटन यांनी १९५६ मध्ये बायकार्बोनेटयुक्त क्षारद्रावणात ग्लुकोज व गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन घालून आठ पेशींचे भ्रूण वाढवले. अशा भ्रूणांपासून जिवंत उंदीर जन्मतात, हे ॲन मॅक्लारेन व जॉन बिगर्स यांनी १९५८ मध्ये दाखवले. मात्र भ्रूण वाढवणे वेगळे आणि फलन घडवणे वेगळे. डेव्हिड व्हिटिंगहॅम यांनी १९६८ मध्ये उंदराच्या अंडपेशींचे काचपात्रात फलन केले, तेव्हा शुक्रपेशी गर्भाशयातूनच घ्याव्या लागल्या होत्या. १९६९ मध्ये इवामात्सू व चांग यांनी माध्यमात गाईच्या अंडपुटकातील द्रव मिसळला. हा द्रव उपयोगी असला तरी त्यात नेमके काय आहे हे ठाऊक नसल्याने प्रयोगाचे निष्कर्ष धूसर राहत. १९७१ मध्ये जपानमध्ये युताका टोयोडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्ब्युमिन व पायरुव्हेट असलेले, सर्व घटक ज्ञात असलेले माध्यम तयार केले. ते आजही त्यांच्या नावांच्या आद्याक्षरांनी 'टीवायएच' म्हणून वापरात आहे. मियामोटो व चांग यांनी १९७३ मध्ये उंदराच्या शुक्रपेशींच्या सक्षमतेत अल्ब्युमिन आणि चयापचयातील मध्यस्थ पदार्थांचे महत्त्व अभ्यासले. पुढच्या वर्षी टोयोडा व चांग यांनी मोठ्या उंदराच्या, म्हणजे घुशीसारख्या दिसणाऱ्या रॅटच्या, अंडपेशींबाबतही यश मिळवले.

हॅमस्टरसाठी बॅरी बॅव्हिस्टर यांनी बेतलेले माध्यम १९६९ मध्ये रॉबर्ट एडवर्ड्स यांनी मानवी अंडपेशींसाठी वापरले. त्या मार्गाने १९७८ मध्ये लुईझ ब्राउनचा जन्म झाला.

गर्भनिरोधक गोळी

१९५१ पासून पिंकस व चांग यांनी प्रोजेस्टेरॉन आणि त्यासारख्या कृत्रिम संयुगांचा अंडमोचनावरील परिणाम तपासला. प्राण्यांवरील बहुतेक चाचण्या चांग यांनी केल्या. गोळीला १९६० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. प्रसिद्धी प्रामुख्याने पिंकस आणि डॉ. जॉन रॉक यांच्या वाट्याला आली. चांग यांचे नाव तज्ज्ञांच्या वर्तुळाबाहेर फारसे पोहोचले नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर त्यांची निवड १९९० मध्ये, वयाच्या ८१व्या वर्षानंतर झाली. पुढच्याच वर्षी वुस्टर येथे त्यांचे निधन झाले.