स्वतःच्याच देशाचा व्हिसा

गदर चळवळीतील क्रांतिकारक आणि मेक्सिकोतील नामवंत कृषिशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांना स्वतंत्र भारतात परतण्यासाठी परक्या माणसाप्रमाणे परवानगी मागावी लागली. बेल्जियन पत्नी आणि मेक्सिकोत वाढलेल्या दोन मुली अशा त्यांच्या कुटुंबाच्या स्थलांतराची ही कहाणी.

मावळातील तळेगाव दाभाडे हे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात राष्ट्रीय चळवळीचे लहानसे, पण जागते केंद्र होते. लोकांनी दिलेल्या एकेका पैशातून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये येथे सुरू झाला. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांचे समर्थ विद्यालयही याच गावात होते. राष्ट्रीय शिक्षणाचा ध्यास घेतलेली ही शाळा १९१० मध्ये ब्रिटिश सरकारने बंद पाडली. विद्यार्थी पांगले, पण त्यांच्या मनात पेरलेले बीज करपले नाही. त्यांपैकी विष्णू गणेश पिंगळे हा शिरूर तालुक्यातील तळेगाव ढमढेरे येथील तरुण अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेला आणि गदर पक्षात सामील झाला.

तेथे पिंगळे यांना जे ज्येष्ठ मराठी सहकारी भेटले, ते पांडुरंग खानखोजे. दोघांचेही ध्येय एकच होते. शिक्षण पूर्ण करून मायदेशी परतायचे आणि सशस्त्र उठाव करायचा. पिंगळे १९१४ च्या नोव्हेंबरमध्ये जहाजाने कलकत्त्याला पोहोचले, मार्च १९१५ मध्ये मेरठच्या छावणीत बाँबसह पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा यांच्यासह फासावर चढले. खानखोजे यांच्या वाट्याला दुसरी शिक्षा आली. ते जिवंत राहिले. मात्र मायदेशाचा दरवाजा त्यांना पुढची अनेक वर्षे उघडपणे ठोठावताही आला नाही.

वर्धा ते सॅन फ्रान्सिस्को

खानखोजे यांचा जन्म १८८४ मध्ये वर्ध्याचा. बालपण वर्ध्यात आणि पुढील शिक्षण नागपुरात झाले. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारावलेल्या या तरुणाला लष्करी शिक्षणाची ओढ होती आणि ते शिक्षण पारतंत्र्यातील हिंदुस्थानात मिळणे शक्य नव्हते. १९०६ च्या सुमारास त्यांनी देश सोडला. प्रथम जपान आणि तेथून अमेरिकेचा पश्चिम किनारा असा त्यांचा प्रवास झाला. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या त्या काळात पासपोर्ट आणि व्हिसा यांचा आजच्यासारखा जाच नव्हता. हिंमत आणि बोटीवर पडेल ते काम करण्याची तयारी असलेला तरुण एका खंडातून दुसऱ्या खंडात जाऊ शकत असे. महायुद्धाने ते जग संपवले. हिंदुस्थानात शिरण्यासाठी पासपोर्ट सक्तीचा करण्याचा अधिकार सरकारला देणारा कायदा १९२० मध्ये आला. खानखोजे ज्या मोकळ्या वाटेने बाहेर पडले होते, ती वाट त्यांच्यामागे बंद झाली.

कॅलिफोर्नियात सॅन राफेलच्या माउंट तामालपाइस लष्करी अकादमीत त्यांनी सैनिकी शिक्षण घेतले. त्याच्या जोडीने कृषिशास्त्राचा अभ्यास सुरू ठेवला आणि वॉशिंग्टन स्टेट कॉलेजातून पदव्युत्तर पदवी मिळवली. पॅसिफिक किनाऱ्यावरील लाकूड गिरण्यांत राबणारे पंजाबी कामगार आणि विद्यापीठांतील मूठभर विद्यार्थी यांच्या एकजुटीतून १९१३ मध्ये गदर पक्ष आकाराला आला. त्याची दोन अंगे होती, 'प्रसार' आणि 'प्रहार'. प्रत्यक्ष लढ्याची तयारी करणाऱ्या 'प्रहार' विभागाची धुरा खानखोजे यांच्याकडे होती.

महायुद्ध पेटताच त्यांनी इराणचा मार्ग धरला. इराण आणि बलुचिस्तानातून हिंदुस्थानच्या सीमेवर धडक देण्याची ती योजना होती. या मोहिमेत ते जखमी झाले, शत्रूच्या हाती सापडले आणि निसटलेही. युद्ध संपले तेव्हा योजना कोसळली होती, अनेक सहकारी फासावर गेले होते किंवा अंदमानात होते, आणि खानखोजे यांचे नाव ब्रिटिशांच्या काळ्या यादीत पक्के झाले होते. बर्लिन आणि मॉस्को येथे निर्वासित क्रांतिकारकांच्या वर्तुळात काही काळ घालवून अखेर १९२४ मध्ये ते मेक्सिकोला पोहोचले.

मक्याच्या देशात

मेक्सिको तेव्हा स्वतःच्या क्रांतीतून नुकताच सावरत होता. जमिनीचे फेरवाटप आणि शेतकऱ्यांचे शिक्षण हे तेथील राजकारणाचे कळीचे प्रश्न होते. हिंदुस्थानच्या शेतकऱ्याचे दैन्य पाहिलेल्या खानखोजे यांना ही भूमी परकी वाटली नाही. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. मेक्सिकोचे मुख्य अन्न असलेल्या मक्याच्या वाणांवर त्यांनी मोलाचे संशोधन केले. गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी खुल्या कृषी शाळा सुरू केल्या आणि शास्त्र बांधावर नेले. प्रसिद्ध छायाचित्रकार टीना मोदोत्ती यांनी त्यांच्या या कामाची छायाचित्रे काढली. चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयातील भित्तिचित्रांत त्यांना स्थान दिले. सर्वांच्या मधोमध बसून भाकरी वाटणारा तो माणूस म्हणजे वर्ध्याचे खानखोजे, हे आजही तेथे जाणाऱ्या अनेक भारतीयांना ठाऊक नसते.

१९३६ मध्ये त्यांनी बेल्जियन असलेल्या जान सिंदिक यांच्याशी विवाह केला. वयाची पन्नाशी उलटलेल्या या भटक्या क्रांतिकारकाला प्रथमच घर मिळाले. दोन मुली झाल्या. मराठी पिता, बेल्जियन माता आणि मेक्सिकोची भूमी असा तिपेडी वारसा घेऊन त्या वाढल्या. खानखोजे यांच्या मनातला देश मात्र बदलला नव्हता. अडचण कागदांची होती. ब्रिटिश अमदानीत त्यांच्यासारख्या माणसाने हिंदुस्थानात पाऊल ठेवणे म्हणजे थेट तुरुंगाची वाट धरणे होते.

स्वातंत्र्यानंतरची प्रतीक्षा

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. ज्या सत्तेने खानखोजे यांना हद्दपारीत ठेवले होते ती निघून गेली. तिची दफ्तरे, नियम आणि कार्यपद्धती मात्र नव्या राज्याकडे जशाच्या तशा आल्या. परदेशी व्यक्तींच्या नोंदणीचा १९३९ चा आणि परकीयांसंबंधीचा १९४६ चा असे दोन्ही कायदे ब्रिटिशांचे होते आणि तेच पुढे चालू राहिले. ज्या स्वातंत्र्यासाठी आयुष्य पणाला लावले, त्या स्वतंत्र देशात येण्यासाठी खानखोजे यांना व्हिसा मागावा लागला आणि तो सुरुवातीला नाकारण्यात आला.

या नकाराचे दुःख समजून घेण्यासाठी त्या काळची स्थिती ध्यानात घ्यावी लागते. भारतीय नागरिक कोण, याची व्याख्याच तेव्हा पुरी झालेली नव्हती. राज्यघटनेतील नागरिकत्वाची कलमे २६ नोव्हेंबर १९४९ रोजी अमलात आली. परदेशात राहणाऱ्या भारतीय वंशाच्या व्यक्तीला तेथील भारतीय वकिलातीत नोंदणी करून नागरिक होण्याची वाट कलम ८ ने खुली केली. पण ज्याने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले, त्याला कलम ९ ने वगळले. हद्दपारीत असलेला माणूस परक्या देशाचा आसरा घेतो तेव्हा त्यात स्वेच्छा किती आणि निरुपाय किती, हे मोजण्याचे माप कायद्यापाशी नव्हते. भारतीय पुरुषाशी विवाह केलेल्या परदेशी स्त्रीला नोंदणीने नागरिक होण्याची तरतूद तर १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने आली.

अखेर परवानगी मिळाली आणि १९४९ मध्ये खानखोजे यांचे पाय भारतभूमीला लागले. विशीत निघालेला तरुण पासष्टीला आलेला होता. पण ही भेट म्हणजे परतणे नव्हे. घर, नोकरी आणि मुलींचे शिक्षण या साऱ्यांची मुळे मेक्सिकोत रुजली होती. पतीच्या देशात संसार हलवायचा तर पत्नीला दुसऱ्यांदा परक्या भूमीवर सुरुवात करावी लागणार होती. पन्नाशीच्या दशकात तो निर्णय झाला आणि खानखोजे नागपूरला स्थायिक झाले.

त्याग केवळ क्रांतिकारकाचाच मोजण्याची आपली रीत आहे. खानखोजे यांच्या मायदेशी परतण्याची किंमत त्यांच्या कुटुंबानेही चुकवली. त्यांच्यासाठी जे परतणे होते, ते पत्नी आणि मुलींसाठी देशांतर होते. मुलींना आपली जन्मभूमी मागे सोडावी लागली आणि जान यांना कायद्याच्या लेखी परकीय म्हणून नवऱ्याच्या देशात उभे राहावे लागले. पुढे कन्या सावित्री साहनी यांनी वडिलांचे चरित्र इंग्रजीत लिहिले आणि हे आयुष्य विस्मृतीतून बाहेर काढले. मराठी वाचकांपर्यंत ते वीणा गवाणकर यांच्या 'डॉ. खानखोजे : नाही चिरा' या पुस्तकाने पोहोचवले.

२२ जानेवारी १९६७ रोजी खानखोजे यांचे निधन झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये चापिंगोच्या कृषी विद्यापीठात लोकसभेचे तत्कालीन अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. ज्या राज्याने एकेकाळी त्यांचा अर्ज फेटाळला होता, त्याच राज्याचा प्रतिनिधी त्यांना वंदन करण्यासाठी मेक्सिकोला गेला.

दरम्यान नियमही बदलले. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला आज विवाहाला सलग २ वर्षे पूर्ण झाल्यावर आणि ठरावीक अटींवर ओसीआय कार्ड मिळू शकते. नोंदणीने नागरिकत्व हवे असल्यास अर्जापूर्वी ७ वर्षांचे वास्तव्य लागते. १९२०, १९३९ आणि १९४६ चे ते तिन्ही जुने कायदे रद्द करून नवा इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदा २०२५ मध्ये लागू झाला. पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांत आज परदेशी सून वा जावई आहे, आणि कागदपत्रांची फाइल हा त्यांच्या संसाराचा नेहमीचा भाग झाला आहे. खानखोजे यांच्या काळी ही तरतूदच नव्हती. ओळखीच्या पुराव्याऐवजी त्यांच्यापाशी होते ते एका स्वप्नासाठी वेचलेले आयुष्य, आणि त्यासाठी अर्जात रकाना नव्हता.