सुईच्या टोकाचं नेढं

एक सोपा प्रश्न. हातशिलाईच्या सुईला नेढं कुठे असतं? मागच्या, बोथट टोकाला. आणि शिलाई मशीनच्या सुईला? टोकाजवळ, जिथून सुई कापडात घुसते तिथेच. लेथच्या भागांची नावं आपण व्हायवाच्या आदल्या रात्री घडाघडा पाठ करतो, पण घरोघरी असलेल्या या मशीनकडे कोणी निरखून बघत नाही. नेढ्याची ही जागा बदलायला एका माणसाच्या उमेदीची वर्षं खर्ची पडली. त्याचं नाव इलायस हाऊ.

हाऊ जन्मला ९ जुलै १८१९ रोजी, अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्पेन्सर या गावात. घरी शेती, आणि हा जन्मापासून पायाने अधू. सोळाव्या वर्षी तो लोवेलच्या कापड गिरण्यांची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात उमेदवारीला लागला. १८३७ मध्ये मंदी आली आणि हातचं काम गेलं. मग केंब्रिज आणि नंतर बोस्टनला एरी डेव्हिस नावाच्या कारागिराकडे तो राहिला. डेव्हिसच्या दुकानात घड्याळं आणि बारीक मोजमापाची उपकरणं बनायची. डिग्री नाही, डिप्लोमा नाही, पण हातात मेट्रॉलॉजी मुरली! शिवणारं यंत्र जो बनवेल त्याचं नशीब उघडेल, असं डेव्हिस एका गिऱ्हाइकाला सांगत होता आणि ते हाऊच्या कानावर पडलं, असं सांगतात.

१८४१ मध्ये त्याचं एलिझाबेथशी लग्न झालं. पुढे तीन मुलं झाली. पगार पुरेना, म्हणून बायको लोकांचे कपडे शिवून द्यायची. हाऊ संध्याकाळी दमून येऊन पडायचा आणि तिच्या हाताच्या हालचाली बघत बसायचा. आधी त्याने नेमकी त्या हाताचीच नक्कल करायचा प्रयत्न केला. दोन्हीकडून टोकदार आणि मध्यभागी नेढं असलेली सुई कापडातून आरपार न्यायची, परत आणायची. जमलं नाही. हाताला जे सहज येतं ते यंत्राला येईलच असं नाही, हे कळायला त्याचे बरेच महिने गेले.

मग त्याने हात सोडला आणि माग धरला. लोवेलला मागावरचा धोटा त्याने पाहिलेला होता. एक दोरा सुईने वरून कापडात खुपसायचा. सुई थोडी मागे आली की दोरा सैल पडून त्याचा फास तयार होतो. त्या फासातून धोट्याने दुसरा दोरा न्यायचा आणि दोन्ही ओढून घट्ट करायचे. दोन दोऱ्यांची पक्की टीप झाली. सुईला आता कापडाच्या पलीकडे जायची गरजच नाही, फक्त टोक गेलं की पुरे. म्हणून नेढं टोकाला!

हे नेढं हाऊला स्वप्नात दिसलं, जंगली लोकांच्या भाल्यांच्या पात्यांना भोकं होती, अशी एक कथा फार प्रसिद्ध आहे. मला ती पटत नाही. लोवेलच्या गिरणीत घालवलेली वर्षं मला जास्त खरी वाटतात. शिवाय न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने १८३४ च्या सुमारास अशीच सुई वापरून मशीन बनवलं होतं. (पुढे सेफ्टी पिनचं पेटंट घेतलं तेही यानेच.) पण शिलाई मशीनचं पेटंट काही त्याने तेव्हा घेतलं नाही.

जॉर्ज फिशर नावाच्या मित्राने ५०० डॉलर आणि राहायला जागा दिली, बदल्यात पेटंटमधला अर्धा वाटा. १८४५ मध्ये मशीन चाललं. हाऊने त्यावर दोन लोकरी सूट शिवले, एक स्वतःला, एक फिशरला. मग बोस्टनच्या एका कपड्यांच्या कारखान्यात शर्यत लावली. सारख्या लांबीच्या दहा शिवणी घेतल्या. पाच शिवणी पाच कुशल बायकांना, प्रत्येकी एक, आणि पाच एकट्या हाऊला. मशीन मिनिटाला २५० टाके घालत होतं. हाऊ आधी संपवून मोकळा!

एवढं होऊनही एकही मशीन विकलं गेलं नाही. किंमत ३०० डॉलर, शिंप्यांना पोटावर पाय येण्याची भीती, आणि सरळ शिवणीखेरीज त्याला फारसं काही जमत नव्हतं. १० सप्टेंबर १८४६ रोजी पेटंट मिळालं, क्रमांक ४७५०. पण पेटंटने पोट भरत नाही. फिशर थकला. हाऊचा भाऊ मशीन घेऊन लंडनला गेला आणि विल्यम थॉमस नावाच्या कारखानदाराला ते २५० पौंडांना विकून आला. मागोमाग हाऊही त्या थॉमसकडे नोकरीला गेला. तिथे बिनसलं. बायको-मुलांना परत पाठवलं, मशीन आणि पेटंटचे कागद गहाण टाकले आणि १८४९ मध्ये तो कसाबसा अमेरिकेत परतला. एलिझाबेथ क्षयाने अखेरच्या घटका मोजत होती. न्यूयॉर्कहून तिच्यापर्यंत जायला भाड्याचे पैसेही त्याच्याकडे नव्हते, ते वडिलांनी पाठवले. अंत्यविधीला घालायला धड कपडे नाहीत म्हणून त्याने उसने घेतले. शिलाई मशीनचा पेटंटधारक आणि अंगावर उसना कोट! इथे पुस्तक मिटून मी थोडा वेळ नुसता बसून राहिलो होतो.

दरम्यान बाजारात त्याच तत्त्वाची मशीनं विकली जात होती. आयझॅक सिंगरने १८५१ मध्ये उभी सुई, कापड दाबून धरणारा फूट असलेलं सुटसुटीत मशीन काढलं. ते पायाने चालवता येई. खरं सांगायचं तर हाऊच्या मशीनपेक्षा ते कितीतरी सरस होतं. पण नेढं आणि दोन दोऱ्यांची टीप हाऊचीच. खटले चालले. सिंगरने जुना हंट शोधून आणला, पण हंटने आपला शोध सोडून दिला होता, म्हणून ते टिकलं नाही. १८५४ मध्ये हाऊ जिंकला. १८५६ मध्ये सगळ्यांनी पेटंटं एकत्र केली आणि देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मशीनमागे हाऊला ५ डॉलर मिळू लागले.

गंमत बघा, गांधीजींनी यंत्रांवर टीका करताना शिलाई मशीनला सूट दिली होती. बायकोचे कष्ट बघवेनात म्हणून सिंगरने ते बनवलं, असं ते १९२४ मध्ये म्हणाले होते. ही कथा शोभते हाऊला. सिंगरचा संसार एका बायकोपुरता कधीच नव्हता!

आता म्हणाल, मेकॅनिकलच्या पोराला हे कुठून सुचलं? माझी मामी वीस वर्षं पायमशीनवर ब्लाऊज शिवते. मागच्या वर्षी तिने कर्ज काढून कॉम्प्युटराइज्ड मशीन घेतलं आणि दीड महिना त्यावर चादर पांघरून ठेवली. चुकीचं बटण दाबलं तर हप्ते चालू आणि मशीन बंद, ही धास्ती. मी मॅन्युअल घेऊन बसलो, तरी पडद्यावरची चिन्हं बघून ती हात मागेच घ्यायची. मग एका रविवारी वीज बंद असताना चाक हाताने फिरवलं आणि तिला फास कसा पडतो, खालची चकती तो कसा पकडते, हे सावकाश दाखवलं. पडदा अंधारात, तरी टीप पडली! कॉम्प्युटर काय करतो? सुई डावी-उजवीकडे किती जाईल आणि कापड किती सरकेल, हे छोट्या मोटरींना सांगतो. झिगझॅग, काज, नक्षी, सगळं त्यातूनच. टीप बांधायचं काम अजून हाऊचंच आहे. आठवड्याने एका ब्लाऊजला खालून दोऱ्याचे झुपके आले. मी खालचं बॉबिन काढायला निघालो तर मामीने थांबवलं. दोष वरच्या दोऱ्यात, तो ताणाच्या चकत्यांमध्ये बसलाच नाही, असं तिचं निदान. फूट वर केला की चकत्या उघडतात, तसा तिने तो करून दोरा पुन्हा ओवला आणि टीप सरळ आली. पडद्यावर यातलं काहीच आलं नव्हतं. आता ती काजाचं काम बाहेर देत नाही, घरीच करते.

हाऊकडे पैसा आला तो चिक्कार, सुमारे २० लाख डॉलर. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाल्यावर हा अधू पायाचा लक्षाधीश कनेक्टिकटच्या १७ व्या पलटणीत साधा शिपाई म्हणून भरती झाला. सरकारकडून पगार थकले तेव्हा सगळ्या पलटणीचा पगार त्याने खिशातून दिला. १८६७ च्या सप्टेंबरमध्ये पेटंटची मुदत संपली आणि ३ ऑक्टोबरला ब्रुकलिनमध्ये तो वारला. वय ४८.

आणि जाता जाता, बीटल्सचा १९६५ चा ‘हेल्प!’ पाहिलात तर शेवटपर्यंत उठू नका. तो आख्खा सिनेमा हाऊच्या स्मृतीला अर्पण केलाय. त्यात शिलाई मशीनचा काहीएक संबंध नाही!